उंबऱ्याआडचा पांढरा तोब

मी एक पांढरा तोब बोलतोय. तुमच्या साडीचा लांबचा भाऊच म्हणा ना. सुदानी बाई मला डोक्यावरून घेऊन अंगभर गुंडाळते. ओमदुर्मानच्या बाजारात इहसानने मला घासाघीस करून घेतलं, कारण आमच्याकडे शाळेतल्या बाई पांढराच तोब नेसतात. माझ्या पदराला कायम खडूची धूळ असायची, आणि तिचा मला कोण तोरा!

मग लढाई शहरात शिरली. इहसान, तिचा नवरा ताजुस्सिर, मुलगी रिहाब आणि सासू हाजा सकीना एका उघड्या गाडीतून चोरवाटेने इजिप्तकडे निघाले. व्हिसा मिळायला महिने लागत, आणि बंदुका तेवढ्या थांबणार नव्हत्या. वाळवंटातल्या उन्हाने ताजुस्सिर वाटेतच गेला. त्याला वाळूत पुरलं आणि माझा शाळेशी संबंध संपला. आमच्यात विधवाही पांढराच तोब नेसते.

कैरोतल्या एका खोलीत इहसान इद्दतीला बसली. चार महिने दहा दिवस विधवेने उंबरा ओलांडायचा नाही. निर्वासितांच्या कचेरीची तारीख नेमकी त्यातच आली. तिथे नाव लागलं की पिवळं कार्ड मिळतं, आणि ते दाखवलं की रस्त्यावरचा पोलीस सहसा पुढे जाऊ देतो. शेजारीण म्हणाली, अडीनडीला सूट असते, जाऊ द्या तिला. पण हाजाचा एकुलता एक लेक गेला होता.

"अडीनडी म्हणजे दवाखाना," हाजा म्हणाली. "रांगेत उभं राहायला माझ्या लेकाचा दुखवटा मोडणार का तू?"

इहसानने कागद रिहाबच्या हाती दिले. रिहाब एकटीच कचेरीत गेली. घरातली कर्ती बाई स्वतः हवी, असं सांगून त्यांनी नवी तारीख दिली. ती पुढच्या वर्षाची होती.

इद्दत सरली. घरात रंगीत तोब नव्हता, म्हणून मलाच लपेटून इहसान रोट्या आणायला कोपऱ्यावर गेली. तिथे पोलिसांची गाडी उभी होती. तिने तारखेची चिठ्ठी पुढे केली. आश्रय मागणाऱ्याला परत धाडू नये असा कायदा आहे, हे तिने वर्गात समजावावं तसं शांतपणे सांगितलं.

"कायदा बरोबर आहे, बाई," पोलीस हसून म्हणाला. "पण चिठ्ठी पुढच्या वर्षाची आहे ना? मग पुढच्या वर्षी यायचं होतं."

चौकीत आश्रयाचं कुणी विचारलंच नाही. 'खुशीने परत जाते' अशा कागदावर सही मागितली. नाही केली तर मुलीलाही उचलू, म्हणाले. इहसानने सही केली.

हाजा धापा टाकत चौकीच्या फाटकाशी आली, नुकताच विकत घेतलेला निळा तोब घेऊन. इद्दत सरली की सुनेला रंगीत तोब सासूनेच द्यायचा, ही आमच्या घरची रीत. पहारेकऱ्याने तो आत नेला आणि मला बाहेर आणून दिलं. बरोबर इहसानचा निरोप होता: "हाजा, स्वतःला बोल लावू नका. रिहाबला रस्त्यावर पाठवू नका."

इहसानला घेऊन बस सुदानच्या सीमेकडे गेली.

आता मी दारामागच्या खिळ्याला लटकतो. रोट्या शेजारीण आणून देते. रिहाब उंबऱ्यापर्यंत जाते आणि परत फिरते. हाजा मला तोंडाशी धरून रडते. विधवेच्या कोंडण्याला निदान मुदत होती हो, या दोघींच्या कोंडण्याला कसलीच नाही. ती तारीख येईल, कचेरीत इहसानचं नाव पुकारतील. तेव्हा तिच्या जागी कुणीतरी मला खांद्यावर टाका आणि या दोघींना त्या दारापर्यंत पोचवा.