श्रेणिकचा एन्कोडर

रहिमतपूरच्या जयराजचं जगात एकच राज्य होतं, आणि तेही दुसऱ्याच्या लायब्ररीत. फायली दाबून लहान करणारी ही सॉफ्टवेअरची लायब्ररी मूळ सी भाषेतली; दाबलेली फाइल जावातून उघडायची सोय तेवढी जयराजने केलेली. जावातून दाबायची सोय तीन वर्षं नव्हती, आणि तिच्यावाचून त्याचं काही अडलंही नव्हतं.

मग सांगलीच्या श्रेणिकने जावाचा एन्कोडर, म्हणजे नेमकी ती दाबायची सोय, लिहून पाठवला. तपासून मंजूर करायचं काम जयराजचं. त्याने चार दिवस ओळ न् ओळ चाळली. चूक सापडेना. मेमरी जिथे घेतली तिथे परत दिलेली, जागोजागी टिपा, टिपांचं शुद्धलेखनसुद्धा बरोबर. जयराजच्या पोटात दुखायला लागलं.

श्रेणिक जैन असल्याने दिवस मावळायच्या आत जेवणारा, हे जयराजला ठाऊक होतं. तो रोज संध्याकाळी सहाला एक प्रश्न धाडू लागला. फाइल शून्य बाइटची असली तर? फाइलच नसली तर? श्रेणिक इमानदारीत उत्तर लिहीत बसे. सूर्य बुडे, ताट तसंच राही. उपाशीपोटी पोरगं नाद सोडेल, असा जयराजचा होरा.

दहाव्या दिवशी श्रेणिकच्या आईचा, राजमतीबाईंचा फोन आला.

“आवं जयराजराव, तुमच्यामुळं पोरानं पर्युषण पर्वाचं धा दिवस दिसाला एकदाच जेवून काढलं! जल्मात कवा उपास केला न्हाई त्यानं. उद्या सकाळी बस्तीत सत्कार हाय. पारणं तुमच्याच हातनं करायचं म्हणतोय.”

दुसऱ्या दिवशी सांगलीत बस्तीबाहेर, म्हणजे जैन मंदिराबाहेर, श्रेणिकचा फ्लेक्स लागला होता, सहा फुटी. जयराजचा फ्लेक्स त्याच्या वाढदिवसालाही कोणी लावला नव्हता. फेटा बांधलेला श्रेणिक वाळून उलट देखणा दिसत होता. जयराजने उसाच्या रसाचा पेला पुढे केला.

“दादा, आदी सांगा,” श्रेणिक म्हणाला, “अजून प्रश्न हायत का? ऱ्हायले आसतील तर मी थांबतो.”

अजून तीन तयार होते. पण चारशे माणसं पेल्याकडे बघत होती.

“न्हाई रं गड्या,” म्हणत जयराजने मोबाइल काढला आणि तिथेच मंजुरीचं बटण दाबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला ते कुणालाच कळलं नाही.

राजमतीबाईंनी त्याला नणंदेपुढे नेलं. “सुंदरीवन्सं, हेबी त्यातलंच. आमचा श्रेणिक दाबतो, हे उघडत्यात.”

सुंदरीबाईंनी त्याला खालीवर न्याहाळलं. “मग श्रेणिकनं दाबल्याबिगर ह्यांना काय काम?”

जयराजने स्वतःसाठी रसाचा एक पेला मागितला. तोही श्रेणिकनेच पळत जाऊन आणला.