भागम्माच्या रक्ताचं माणिक

आसूड कडाडला, भागम्माच्या पाठीवरचं रक्त ओघळून पायाशी खणलेल्या खड्ड्यात पडलं आणि लालगीरबुवानं चिखलात हात घालून लालभडक खडा वर काढला. पेडगावच्या माळावर जमलेल्या गावानं हात जोडले.

"बर्मात लढाई पेटली, तिथल्या खाणी बंद पडल्या," बुवा म्हणाला. "म्हणून माणिक जमिनीखालून इकडं सरकायलंय. या बाईच्या अंगातली राखणदारीण त्याला अडवायलीय. हिचं रक्त सांडलं की खडा सुटतो."

माणिक जणू निजामाच्या गाडीचं तिकीट काढूनच निघालं होतं!

वीरभद्र मास्तर गर्दी फोडत आत शिरला. भागम्मा त्याची सख्खी बहीण. तिचा नवरा गेला, तशी ती सासरी एकटी पडली. दीर बसप्पाला माणकांची हाव सुटली आणि त्यानंच तिला खांबाला बांधून दिलं. गाव लिंगायतांचं, देवापुढं कोंबडीही कापायची नाही. बुवानं ते बरोबर हेरलं. "बळी नको, नुसता आसूड," असं तो म्हणाला आणि कोणाचाच धर्म बुडाला नाही. बाई तेवढी अर्धमेली झाली.

"अजून अकरा फटके," बुवा म्हणाला.

"मरल ती," म्हणत वीरभद्र पुढं धावला. दोघांनी त्याला खाली पाडलं आणि बसप्पानं तोंडावर लाथ घातली. दात तुटला.

मास्तर होण्याआधी वीरभद्रनं हैदराबादेत जवाहिऱ्याकडं सहा वर्षं माणकं पारखली होती. बर्माचं माणिक पांढऱ्या संगमरवरात निघतं, ओढ्याच्या रेतीत निघतं. इथल्या काळ्या दगडात गारगोटी मिळते. पण हे सांगून ऐकणार कोण? त्यानं रक्त थुंकलं.

"बसप्पा, तुमच्या चकमकीची गार काढा. खऱ्या माणकावर गारेनं ओरखडा उठत न्हाई. न्हाई उठला तर मलाबी बांधा."

बसप्पा हसला. आणखी एक पाठ मिळाली तर त्याचं काय जात होतं? त्यानं बटव्यातली गार काढून बुवाच्या हातातल्या खड्यावर करकचून घासली. पांढरा ओरखडा उठला. आधी निघालेल्या दुसऱ्या खड्यावरही उठला.

वीरभद्रनं खडा उन्हात धरला. आत गोल बुडबुडे होते. "काच हाय. रेल्वेच्या लाल दिव्याची."

बुवा पळू लागला, तसा वीरभद्रनं त्याचा आसूड हिसकावला. दांडा पोकळ निघाला, त्याच्या बुडाला खडा जेमतेम निसटेल एवढं भोक. झटकल्याबरोबर एक खडा चिखलात पडला. जोराचा हिसका बसल्याशिवाय खडा सुटत नव्हता, म्हणून बुवा एवढ्या जोरानं मारत होता. ते कळलं तेव्हा वीरभद्रला रडू आलं.

लोकांनी बुवाला धरलं. बसप्पानं तोच आसूड त्याच्यावर उगारला.

"ठिवा खाली, भाऊजी," भागम्मा खांबावरूनच म्हणाली. "त्याची पाठ फुटून माझी भरून यायची न्हाई. अन् तुमी तर कोंबडीबी कापत न्हाई."

बसप्पाचा हात खाली आला. कुणीतरी तिच्या दोऱ्या सोडल्या आणि बुवाला चौकीवर नेलं.

काच ओळखायला एक गारगोटी पुरली. ती चिलीम पेटवायला गावातल्या प्रत्येकाच्या बटव्यात पहिल्या दिवसापासून होती. चमत्कार समोर आला की बाबांनो, हात जोडण्याआधी बटव्यातली गार त्याच्यावर घासून बघा.