कोशातला जीव

चटईवर नऊ चित्रं होती: तीन स्तूपांची, दोन दगडात कोरलेल्या आडव्या बुद्धाची, एक टेकू दिलेल्या बोधिवृक्षाचं, एक सिगिरियाच्या उभ्या कड्याचं आणि दोन समुद्राची. गुणवंतराव मास्तरांनी ती सिलोनहून आणली होती. कार्तिकात ते आरमोरीची मंडळी तिकडे नेणार होते.

"पानी इतकं निळं राहते?" रुखमाने विचारलं.

"याहून निळं. बाई, तुले येनंच हाय."

लग्न झाल्यापासून रुखमा रेशमाच्या कोशाचं सूत मांडीवर वळत आली होती. उजव्या मांडीची कातडी चपलेच्या तळासारखी झाली होती. नवरा गेल्यावरही तेच काम. गावाबाहेर तिने फक्त चांदा पाहिला होता, तोही गेल्या वर्षी, बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या वेळी. या खेपेला पाटल्या विकून तिने रानात कोसे पाळणाऱ्या ढिवरांकडून स्वतःसाठी दोन हजार कोसे घेतले होते. त्यांच्या सुतावर तिचं भाडं निघणार होतं.

"मास्तरभाऊ, कोसे उकळून आतले किडे मारले तर पहिलं शील मोडते का?"

मास्तरांनी चित्रं गोळा केली. "इतका इचार नको करू. तिकडले लोक मासोळी खातेत."

"खातेत. पन मारते कोन?"



दुसऱ्या दिवशी तिने राखेचं पाणी चुलीवर ठेवलं. त्यात कोसा सोडला की आतला किडा मरतो आणि धागा अखंड निघतो. किडा जिवंत राहिला, तर पतंग होऊन कोसा भेदतो आणि धागा तुटतो. पाणी उकळलं. तिने एक कोसा कानाशी हलवला. आत काहीतरी टकटकलं. तिने तो टोपलीत ठेवला. तिसऱ्या दिवशीही पाणी नुसतंच आटलं.

मागाच्या खड्ड्यातून तिचा दीर मुखरू ओरडला, "वहिनी, सिलोनले जाचं हाय का किड्यायचं बाळंतपन करून राह्यली?"

"चांद्याले हात जोडून बोलली मी, जीव घेनार नाई."

"मंग आजवर मारले ते?"

"तवा बोलली नोती."

मुखरू बाहेर आला, हात पुसत. "सरक. मी टाकतो. पाप मले."

"अन् सूत कोन वळन?"

"तूच. दुसरं कोन?"

"मंग राहू दे."

तो टोपलीपासून मागे सरला. मग पुन्हा खड्ड्यात उतरला.

आठवड्याने एका सकाळी छपराला, भिंतींना, मुखरूच्या ताण्यालाही तळहाताएवढे तांबूस पतंग चिकटले होते. रुखमाने दार उघडं ठेवलं. मग फुटलेले कोसे भिजवून ती त्यांचं जाडंभरडं सूत काढायला बसली. मांडी तीच होती, धागा मात्र हातभर येऊन तुटत होता.

मंडळी तिच्याविना चांद्याला रेल्वेत बसली त्या दिवशी लियाकत व्यापारी सूत घ्यायला आला. त्याने एक धागा ओढून पाहिला.

"बाई, हे तर फुटल्या कोशाचं हाय. भाव अर्धाच भेटन."

"हो."

त्याने काटा धरला. दीड शेर, वर तीन छटाक.