आत्याचं ‘बरोबर’

आत्याला झटका आला तेव्हा ती स्वयंपाकघरात कप विसळत होती. कप फुटला नाही, तो तिच्या डाव्या हातात तसाच राहिला. आत्या मात्र खाली बसली ती बसलीच. इस्पितळातून घरी आली तेव्हा उजवा हात लुळा पडला होता, तोंड किंचित वाकडं झालं होतं आणि सगळ्या बोलण्यातून एकच शब्द उरला होता: ‘बरोबर’.

जन्मभर मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईसाठी देवाने शब्द तरी कोणता ठेवावा! आई विचारायची, “वन्सं, सूप अळणी झालंय का?”

“बरोबर.”

“मग मीठ घालू, की राहू दे?”

“बरोबर.”

सुरुवातीला आत्या स्वतःही हसायची. मग हसेनाशी झाली. दिवसभर भिंतीकडे बघत बसायची.

“त्यांना आवडीच्या कामात गुंतवा,” डॉक्टर म्हणाले, “नाहीतर त्या अशाच मिटत जातील.”

बाबांचं घराच्या पुढच्या खोलीत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी भिंगातून डोळा न काढताच लेकीला सांगितलं, “टिल्ले, शाळेतून आलीस की ताईपाशी रसायनाची गणितं घेऊन बसत जा. एका दगडात दोन पक्षी.”

टिल्ली दहावीत होती. उंचीने बेताची, म्हणून हे नाव. रसायनशास्त्राशी तिचं हाडवैर. पूर्वी आत्या शिकवायला बसली की गाडी लगेच ‘तुझ्या डोक्यात काय बटाटे भरलेत?’ वर यायची आणि टिल्ली पळ काढायची. आता नाही म्हणायची सोयच नव्हती.

पण गंमत अशी झाली, की हे बसणं दोघींनाही आवडायला लागलं. टिल्ली यायच्या आत आत्या केस विंचरून घ्यायची, खुणेने चष्मा पुसून मागायची आणि टेबलाशी ताठ बसायची. टिल्ली समीकरण मोठ्याने वाचायची, दोन्ही बाजूंचे अणू मोजायची, उत्तर सांगायची. आत्या मान डोलवायची. “बरोबर.” कधी मध्येच डाव्या हाताचं बोट टेबलावर टकटक करायची. म्हणजे चुकलं. टिल्ली खोडून पुन्हा करायची आणि मग ‘बरोबर’ मिळायचं. बोलता येत नसलेल्या आत्याचा धाक नव्हता, आणि टिल्लीला पहिल्यांदाच वाटलं, की हा विषय आपल्यालाही जमेल.

“वन्सं परत वन्संसारख्या दिसायला लागल्या,” आई म्हणाली. बाबा त्या दिवशी दुकानात शीळ घालत होते.

सराव परीक्षेचे पेपर मिळाले तेव्हा शाळेतल्या बाईंनी टिल्लीला वर्ग सुटल्यावर थांबवून घेतलं. या बाई म्हणजे आत्याचीच जुनी विद्यार्थिनी. आत्या निवृत्त झाल्यावर तिच्या जागी आल्या होत्या.

“हे बघ. बंध-ऊर्जेचं प्रत्येक गणित चुकलंय. बेरजा बरोबर, चिन्हं उलटी. बंध तुटताना ऊर्जा बाहेर पडते असं तुला सांगितलं कुणी?”

“मी घरी असंच सोडवते, बाई.”

“घरी? तुझी आत्या शेजारी असून?” बाईंना हसूच आलं. “अगं, आम्हाला त्यांनी घोकून घेतलंय हे. तोडताना लागते, जोडताना सुटते. जी चुकेल ती दाराबाहेर. अख्ख्या शाळेला पाठ होतं.”

टिल्ली हसली नाही.

त्या दुपारी ती टेबलाशी बसली. पुस्तक उघडलं आणि अगदी ठणकावून म्हणाली, “आत्या, मिठात सोडियम आणि क्लोरीन इलेक्ट्रॉन वाटून घेतात. सहसंयुज बंध.”

आत्याने मान डोलवली. “बरोबर.”

“पाण्याच्या एका रेणूत ऑक्सिजनचे तीन अणू असतात.”

“बरोबर.” आत्या समाधानाने हसली आणि तिने टिल्लीच्या पाठीवर थोपटलं.

मग टिल्लीने पाण्याचंच खरं सूत्र सांगितलं, पण चाचरत, आवाज पाडून. आत्याचं बोट टेबलावर वाजलं. टकटक.

आत्या उत्तर ऐकतच नव्हती, ती आवाज ऐकत होती. पोरीला खात्री असली की मान डोलवायची, पोरगी अडखळली की बोट वाजवायची. इतकी वर्षं वर्गात मुलींचे आवाज ऐकले होते, तेवढं तिच्यापाशी शाबूत राहिलं होतं. बाकी सगळं पुसलं गेलं होतं.

टिल्ली न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडली.

बाबांना तिने दुकानात जाऊन सांगितलं. त्यांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं.

“ताईला कळू देऊ नकोस.”

“मग मी नापास होऊ?”

“तसं नव्हे गं.” त्यांनी चिमटा उचलला, पुन्हा ठेवला. “शाळेत बाईंकडे शीक. घरी ताईपुढे बस. तिला बसायला हवंय, एवढंच बघ.”

तसंच ठरलं. बाबांनी आईच्याही कानावर घातलं. मधल्या सुट्टीत टिल्ली बाईंपाशी नव्याने शिकली. दुपारी तीच सोडवलेली गणितं आत्यापुढे ठाम आवाजात वाचायची, म्हणजे आत्याचं ‘बरोबर’ बरोबरच ठरायचं. अधूनमधून ती मुद्दाम अडखळायची, आत्याला बोट वाजवता यावं म्हणून. विषय सोपा होत गेला, ते बसणं मात्र जड व्हायला लागलं.

परीक्षा तोंडावर आली असताना बाई आत्याला भेटायला घरी आल्या. हेतू चांगलाच होता. आत्याचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, “बाई, तुमची भाची आता काय सुरेख करते! रोज मधल्या सुट्टीत माझ्याकडे येते. सराव परीक्षेत सगळं उलटं लिहिलं होतं, आता एक चिन्ह चुकत नाही.”

आईच्या हातात चहाचा ट्रे होता. ती दारातच उभी राहिली. आत्याने बाईंकडे पाहिलं, मग टिल्लीकडे. टिल्लीने मान खाली घातली. आत्याला बोलता येत नव्हतं, पण ती खुळी नव्हती.

बाई गेल्यावर आत्याने दप्तराकडे हात केला. टिल्लीने पेपर काढून दिला. आत्याने तो टेबलावर पसरला, चष्मा सारखा केला आणि लाल फुल्यांवरून बोट फिरवलं. पहिल्या गणितापाशी थांबली. ओठ हलले. पुन्हा पहिल्या ओळीवर आली, पुन्हा थांबली. चूक कुठे आहे ते तिला दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हे तिला कळत होतं.

“आत्या, असू दे ना. माझंच लक्ष नव्हतं.”

आत्याने पेपर घडी घालून परत केला. एका हाताने घडी नीट बसेना, तरी तिने ती घातलीच.

दुसऱ्या दिवशी ती टेबलाशी आली नाही. टिल्ली पुस्तक घेऊन खोलीत गेली. “चल ना गं. मला तुझ्याशिवाय जमत नाही.” आत्या कुशीवर होती. तिने वळून न बघता डावा तळहात भिंतीवर आपटला. एकदाच, पण जोरात. त्यानंतर ती काहीच बोलली नाही, तो एक शब्दसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले की असं होतं कधीकधी. आईने ते मानलं. बाबांनी मानलं नाही, पण ते डॉक्टरांना काय सांगणार?

टिल्ली पास झाली. सगळ्यांत जास्त गुण रसायनशास्त्रातच पडले. तिने आत्यापाशी बसून ते सांगितलं. आत्याने तिच्या गालाला हात लावला, क्षणभर तिथेच ठेवला आणि काढून घेतला.

महिन्याभराने एका सकाळी आत्याने बाबांना हाताला धरून आपल्या कपाटापाशी नेलं आणि एकेक पुस्तक काढून जमिनीवर ठेवायला लागली. बाबांना अर्थ कळला: पुस्तकं शाळेला द्यायची. त्यांनी शाळेत निरोप धाडला. बाई खोकी घेऊन आल्या, पुस्तकं भरताना सारख्या डोळे पुसत होत्या.

बंध-ऊर्जेचे तक्ते असलेलं एक जाडं पुस्तक टिल्लीने हळूच उचलून छातीशी धरलं. “हे मी ठेवू? पुढच्या वर्षी लागेल मला.”

आत्याने ते तिच्या हातातून ओढून घेतलं आणि शेवटच्या खोक्यात सगळ्यांत वर ठेवलं. मग ती पलंगावर जाऊन बसली. खोकं जड होतं. बाईंनी एक बाजू धरली, दुसरी टिल्लीने, आणि दोघी घराच्या पायऱ्या उतरायला लागल्या.