लवेटाची पंचवीस मिनिटं

फॉर्म शुक्रवारपर्यंत पाठवायचा होता, आणि सोमवारी दुपारी कामावर, धान्याच्या कोठारातल्या वजनकाट्याशेजारच्या खोलीत बसून ऑरिनने तो तिसऱ्यांदा खोडला.

त्याच्या पिकअपचं इंजिन त्याचा मित्र डेल्बर्टच्या शेडमध्ये उघडं पडलं होतं. आतला कॅम, म्हणजे ज्याच्या उंचवट्यांवर इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात तो दांडा, एका अंगाने पार खरवडून गेला होता. नवा तर घालायचाच होता. मग पहिल्यासारखाच मुकाट का घ्यायचा? उंच उंचवट्यांचा घेतला की नुसती उभी गाडीसुद्धा ढबढब करते, अडखळते, पुन्हा उसळते. अंगणातली कुत्री उठून बसतात. ऑरिनला तेच हवं होतं. एक्कावन्न वर्षं तो कुठेही गेला तरी लोकांना मागाहून आठवायचं, अरे, हाही होता वाटतं. चर्चच्या जेवणात त्याची खुर्ची मांडायची दोनदा राहून गेली होती. दोन महिने तो न्हाणीघराचं दार लावून फोनवर दुसऱ्यांच्या इंजिनांचे आवाज ऐकत होता.

फॉर्म होता व्हर्लीनबाईंचा. सत्तरी उलटली तरी बाई शेजारच्या आर्कान्सा राज्यात स्वतःच्या हाताने कॅम घासून द्यायच्या, पण आधी प्रश्न विचारायच्या. गाडी रोज चालते का? मागे काय ओढता? सिग्नलला किती वेळ उभे असता? सोबत कोण बसतं?

"रोज चालवतो असं चुकूनही लिहू नकोस," पेंड भरायला आलेला डेल्बर्ट म्हणाला. "खरं लिहिलंस तर म्हातारी तुला प्रेतगाडीचा कॅम पाठवेल. मी काय लिहिलं होतं, माहितेय? फक्त रविवारी, तेही ऊन असेल तर."

"आणि त्याच गाडीतून तू आठवडाभर वासरं वाहतोस."

"सगळेच थापा मारतात लेका! तिलाही ठाऊक आहे ते. माझी गाडी ने तोवर, आणि मग सांग."

ऑरिनने लिहिलं, रोज नाही. मग 'सोबत कोण बसतं' पाशी पेन अडलं.

सोबत लवेटा बसायची, त्याची बायको. रोज सकाळी तो तिला हॉस्पिटलच्या धुलाईखान्याशी सोडायचा आणि मग कामावर जायचा. तिच्या आईने अंथरूण धरल्यापासून तिला रात्रीची झोप अशी उरलीच नव्हती. झोपायची ती पिकअपमध्ये. पंचवीस मिनिटं, खिडकीला डोकं टेकून, तोंड किंचित उघडं. त्या पंचवीस मिनिटांवर तिचा अख्खा दिवस निघायचा. वाटेतला एकूण एक खड्डा ऑरिनला तोंडपाठ होता, तो तिच्यासाठीच.

मंगळवारी डेल्बर्टच्या गाडीत तिने सवयीने काचेला डोकं टेकलं आणि लगेच उचललं. काच कानशिलात गुणगुणत होती. सिग्नलला गाडी अशी थरथरली की झाकणातून कॉफी उडाली.

"काय झालंय हिला?"

"काही नाही. अशीच असते ती."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"माणसं हौसेने करून घेतात हे?" लवेटा हसायला लागली. झोप तर गेलीच होती, मग ती बोलत बसली. चादरींत सापडलेल्या कवळीबद्दल. आई आता तिला मावशीच्या नावाने हाक मारते, त्याबद्दल. मग तिने विचारलं, "दुपारी तू खातोस काय रे हल्ली?" ऑरिनने डब्यातलं एकेक करून सगळं सांगितलं. असं कोणी विचारून किती दिवस झाले होते!

बुधवारी त्याने रस्त्याचं काम निघालंय असं सांगून गाडी ओढ्याकडच्या लांबच्या वाटेने घेतली. कसलंही काम निघालं नव्हतं. रात्री त्याने फॉर्मवर 'कोणी नाही' असं लिहून टाकलं, आणि कागद खिशात घालून घरभर येरझाऱ्या घालत राहिला.

गुरुवारी लवेटाने कामाच्या कोटाची बटणं एक घर चुकवून लावली होती. "काल मजाच झाली," ती म्हणाली. "इस्त्रीच्या रोलरपाशी उभ्या उभ्या डोळा लागला. नशीब, शेजारी काम करणाऱ्या नीसाने माझा हात मागे खेचला. अर्ध्या सेकंदाचं काम."

ती हसली. ऑरिन हसला नाही. सिग्नल हिरवा झाला तरी तो तसाच बसून राहिला आणि मागच्याने भोंगा वाजवला.

दुपारी त्याने थेट व्हर्लीनबाईंना फोन लावला.

"फॉर्म नको, बाई. तोंडीच सांगतो."

"सांग. रोज चालते?"

"रोज."

"सोबत कोण?"

"बायको. झोपलेली."

पलीकडे घासायचं यंत्र बंद झाल्याचा आवाज आला. "इतक्या वर्षांत या प्रश्नाला खरं बोलणारा तू तिसरा असशील. बरं, उभ्या गाडीला किती आवाज हवा?"

बाहेर काट्यावर कोणीतरी डेल्बर्टच्या गाडीभोवती फिरून चाकांपाशी वाकून बघत होतं.

"तिला जाग येणार नाही, एवढाच."

"आणि तुला रे, बाळा?"

ऑरिन बुटाने जमिनीवरचा भुसा उकरत राहिला. बाईंनी मग गाडीचं वजन विचारलं.

संध्याकाळी लवेटा टॉवेलांच्या घड्या घालत होती. त्याने पहिल्यासारखाच मुकाट कॅम मागवल्याचं सांगितलं.

"म्हणजे पुन्हा ती मुकी गाडी."

"हो."

तिने पुढचा टॉवेल उचलला.

"शनिवारी मला सुट्टी असते. नर्सबाईही येते आईपाशी. डेल्बर्ट तेवढा दिवसही ठेवू देईल का तो खटारा?"

"जायचंय कुठे?"

"कुठेच नाही. सिग्नलला उभे राहू."

ऑरिनने तोवर डेल्बर्टचा नंबर फिरवलाही होता.