माळ्याची उंची

महापालिकेच्या करविभागात त्याला सगळे ‘फूटपट्टी’ म्हणत. वीस वर्षं तो दुकानं मोजत आला होता. कुठल्याही दुकानात पाऊल टाकलं की क्षेत्रफळ त्याच्या ओठांवर यायचं. त्या वर्षी महापालिकेच्या तिजोरीत खडखडाट होता. पाण्याच्या जुन्या नळवाहिन्या बदलायचं काम अर्ध्यावर अडलं होतं. दुकानांवरचा कर वाढवता येईल का ते बघा, असं सभेनं सांगितलं आणि प्रस्ताव लिहायचं काम अर्थातच फूटपट्टीच्या गळ्यात पडलं. त्यानं बारा टक्के वाढ सुचवली, शिवाय एक जुनी पळवाट बुजवली. दुकानांतले माळे आजवर मोजत नसत, ते आता मोजायचे.

हरकतींसाठी महिन्याची मुदत होती. सव्वादोनशे अर्ज आले, बरेचसे म्हणजे सभ्य भाषेतल्या शिव्याच. एक पाकीट मात्र त्यानं फोडलं आणि अक्षर लगेच ओळखलं. अर्ज त्याच्या बायकोचा होता.

बाजारात तिचं कपडे शिवायचं दुकान होतं, दोन मशिनं आणि वर माळा. सकाळी चहा घेताना ती याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. संध्याकाळी त्यानं विषय काढला, तेव्हा सुईत दोरा ओवत ती म्हणाली, “घरी सांगितलं असतं तर तुम्ही माझी समजूत काढली असती. तिथे नोंद करावी लागते.”

दुसऱ्या दिवशी त्यानं उपायुक्त बाईंना खरं काय ते सांगून टाकलं. सुनावणी बाईंनी स्वतःकडे घेतली आणि त्याला मागच्या रांगेत बसवलं.

आधी व्यापारी संघाचे अध्यक्ष पंधरा मिनिटं बोलले. शहर बुडणार, एवढंच त्यातून कळलं. मग ती उभी राहिली.

“शहराला पैसे लागतात हे मला कळतं,” ती म्हणाली. “खालच्या दुकानाचा वाढीव कर मी भरेन. पण माळ्यावर मी रांगत जाते. तिथे कापडाचे गठ्ठे असतात. जिथे माणसाला उभं राहता येत नाही, तिथला धंदा तुम्ही कसा मोजलात?”

उपायुक्त बाईंनी मान वळवून मागे पाहिलं. प्रस्तावाखाली सही त्याची होती. तो उठला.

“लांबी-रुंदी मोजली होती,” तो म्हणाला. “उंची मोजली नव्हती.”

कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी ते वाक्य तसंच्या तसं टिपून घेतलं.

शेवटी वाढ मंजूर झाली, पण सहा फुटांपेक्षा कमी उंचीचे माळे वगळले गेले. त्यामुळे पडलेला खड्डा भरायला खर्चातली काटछाट आली, आणि त्या काटछाटीची यादीही त्यालाच करावी लागली. यादीत सार्वजनिक वाचनालय होतं. ते बुधवारी आणि शनिवारी बंद राहणार होतं. त्याचे सासरे, म्हणजे तिचे वडील, त्यांच्याकडेच राहत आणि दिवसभर त्या वाचनालयात बसत.

वर्तमानपत्रात येण्याआधी त्यानं तिला सांगितलं. तिनं मशिन थांबवलं.

“माझ्या अर्जामुळे?”

“माझ्या यादीमुळे. दुसरं काही कापण्यासारखं उरलं नव्हतं.”

“अर्ज मी केलाच असता,” ती म्हणाली. “पण बाबांना मी सांगते. तुम्ही नका सांगू.”

सासरे दोन दिवस घुम्यासारखे बसले. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, वर्तमानपत्र काखोटीला मारून तिच्या दुकानात येऊन टेकले आणि गिऱ्हाइकांना कुठला रंग खुलतो ते सांगू लागले. एका बाईंनी त्यांचं ऐकून निळं कापड बदलून घेतलं. लेकीला ही लुडबुड मुळीच आवडली नाही, पण तिनं त्यांच्यासाठी एक जादा खुर्ची आणली.

पुढच्याच आठवड्यात नळवाहिनीच्या अडलेल्या कामासाठी दुकानासमोरचा रस्ता खणायला घेतला.