चार हजारांची रेघ

गाडी दोघांची होती आणि त्या गाडीपायी दोघांमधून आता विस्तवही जात नव्हता.

दादा ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. धाकटी बहीण इंजिनांच्या चाचणी विभागात होती. दिवसभर काचेपलीकडे इंजिनं गरजायची आणि ही अलीकडे बसून आकडे पाहायची. लहानपणी घेतलेल्या आणाभाका पन्नाशीच्या तोंडावर खऱ्या करत दोघांनी मिळून लाल स्पोर्ट्स कार घेतली. पहिल्याच संध्याकाळी दादाने कागदावर लिहिलं: पहिले दीड हजार किलोमीटर होईपर्यंत आरपीएमचा काटा चार हजारांच्या वर न्यायचा नाही. जो नेईल, त्याने आपली किल्ली दुसऱ्याला द्यायची. कायमची.

"एवढ्याशा कागदात मावेल असं इंजिन नाही हे," ती म्हणाली. पण सही केली. वहिनीने तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि म्हणाली, "लोकांची मुलं खेळण्यावरून भांडतात. आमच्याकडे मुलं मोठी झाली, आता तुमची पाळी."

"नवं इंजिन तान्ह्या बाळासारखं जपायचं असतं," दादा म्हणायचा.

"बाळ नीट रडलं नाही तर त्याची फुप्फुसं उघडत नाहीत. सिलिंडरच्या भिंतीवर बारीक ओरखडे मुद्दाम ठेवलेले असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांवर दाबून घासल्या तरच चपखल बसतात. नुसतं गोंजारलंस तर भिंत गुळगुळीत होईल आणि गाडी जन्मभर तेल पीत राहील."

"मग तेव्हा तुझी अक्कल ओतू तिच्यात. भरपूर आहे म्हणतात."

खरा घोळ दादाच्या पायात होता. वीस वर्षं तो शिकाऊ लोकांना एकच मंत्र देत आला होता: आवाज वाढला की गियर वर टाका. तो मंत्र आता त्याच्याच मानगुटीवर बसला होता. चाळीसच्या वेगात तो सहावा गियर टाकायचा आणि चढ आला की त्याच गियरमध्ये पाय तळापर्यंत दाबायचा. काटा दीड हजाराखाली आणि गियरचा दांडा हिवताप भरल्यासारखा थरथरतोय. बाजूला बसून बहीण दात-ओठ खायची. इंजिनाच्या इतक्या कमी फेऱ्यांत इतका जोर आला की बेअरिंगमधला तेलाचा थर पातळ होतो, हे तिने तीनदा सांगितलं. चौथ्यांदा दादाने रेडिओ मोठा केला.

मग एका गुरुवारी दुपारी ती एकटीच गाडी घेऊन गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला गेली. तेल नव्वद अंशांवर येईपर्यंत धीर धरला. मग तिसऱ्या गियरमध्ये काटा साडेपाच हजारांपर्यंत नेला, पाय उचलला, वेग उतरू दिला. सात वेळा. घरी येऊन कुणाला काही बोलली नाही.

दीड हजार किलोमीटर पूर्ण झाल्यावर दोघं पहिल्या सर्व्हिसिंगला गेली. मेकॅनिकने लॅपटॉप जोडला.

"सर्वांत जास्त आरपीएम पाच हजार पाचशे चाळीस," तो म्हणाला. "गुरुवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी."

"दोनला माझा वर्ग असतो," दादा सावकाश म्हणाला. आवाजात साखर होती. "शास्त्रज्ञबाई?"

"मीच," ती म्हणाली.

"त्याने काही बिघडलेलं नाही," मेकॅनिक स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाला. "तेल गरम होतं. मला काळजी याची वाटते. सहावा गियर, तेराशे आरपीएम, पॅडल पूर्ण दाबलेलं. एकसष्ट वेळा. गाडीसोबतचं पुस्तक वाचलं नाही का? चार हजारांच्या ओळीखालचीच ओळ आहे, वरच्या गियरमध्ये इंजिन रखडवू नका."

दादाचे कान लाल झाले. "आमच्या कागदात ती ओळ नाही," तो म्हणाला आणि बहिणीपुढे तळहात पसरला.

तिने किल्ली पर्समधून काढली. मुठीत घट्ट धरली.

"चुकलं म्हण," दादा म्हणाला. "एवढंच म्हण आणि ठेव तुझ्याकडे."

"शब्द मोडला, ते चुकलं. गाडी चालवली, ते नाही."

"सुंभ जळेल, पण तुझा पीळ जायचा नाही."

"शिकवलाय कुणी?" तिने किल्ली त्याच्या हातावर आपटली.

परतताना तो चालवत होता. चाळीसला सहावा. पुलाचा चढ लागला आणि इंजिन कण्हू लागलं. दादाचा हात नकळत दांड्याकडे गेला, त्यावर टेकलाही. मग त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून बहिणीकडे पाहिलं आणि हात पुन्हा स्टिअरिंगवर नेला. पाय आणखी दाबला. सगळी गाडी हादरत वर चढली.

"पूल उतरला की थांबव," ती म्हणाली. "चालत जाईन मी."

त्याने आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, शिकवतात तशी नीट कडेला गाडी घेतली. ती उतरली. दार जोरात लावलं. गाडी पुढच्या वळणाच्या चढाकडे गेली, तीच रडकी घरघर करत, आणि इमारतीआड दिसेनाशी झाली.

तिकडून लगेच आवाज बदलला. एक गियर खाली, मग आणखी एक. इंजिन मोकळं होऊन स्वच्छ सुरात चढ चढून गेलं.

ती फुटपाथवर थिजून उभी राहिली. मघाशी आला नव्हता एवढा राग तिला आत्ता आला.